दप्तर कोणाच्या घरी?

गावगाड्यात कुलकर्ण्याच्या दप्तराला काय वजन होते, हे या त्रैमासिकाच्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. जमीन कसणारा एक, सारा भरणारा तोच, कर्जाखाली पिचणाराही तोच. परंतु या साऱ्याची नोंद मात्र रुमालात बांधून दुसऱ्याच्या घरात ठेवलेली. त्या दप्तरात काय लिहिले आहे हे ज्याच्याविषयी लिहिले त्यालाच ठाऊक नसे, आणि ते पाहायचे तर दप्तर ज्याच्या ताब्यात त्याच्याच दारात उभे राहावे लागे. जोतीरावांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला तेव्हा या कागदी कारभाराची चिरफाड केली. शाहू महाराजांनी १९१८ साली करवीर संस्थानात कुलकर्णी वतन रद्द करून पगारी तलाठी नेमले. मुंबई राज्यात ही वतने रद्द करणारा कायदा १९५० साली झाला. म्हणजे दप्तर एका घरातून उचलून सार्वजनिक कचेरीत आणायला आपल्याकडे सदुसष्ट वर्षे लागली.

हा इतिहास आज आठवण्याचे कारण वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. ते कारण म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांच्या हाती आलेला टॅब्लेट. टॅब्लेट वापरणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या फाइलींपर्यंत थेट जाता यावे की नाही, हा प्रश्न आपण तंत्रज्ञांचा म्हणून सोडून दिला आहे. माझ्या मते हा मालकीचा प्रश्न आहे. आणि ज्यांच्या घरात लिहिलेला कागद एक-दोन पिढ्यांपूर्वीच पहिल्यांदा आला, त्यांचा तो सर्वांत आधी आहे.

मुळात फाइल म्हणजे काय? आपण लिहिलेला निबंध, काढलेला फोटो, मुद्रित केलेला आवाज यंत्राच्या साठवणीत एका नावाने राहतो, ती फाइल. कपाटात कप्पे असावेत तसे फोल्डर. संगणकावर हे कपाट वापरणाऱ्याला उघडे असे. फाइलचे नाव बदलता येई, ती दुसऱ्या प्रोग्रामने उघडता येई, पेनड्राइव्हवर घालून दुसऱ्या गावी नेता येई, तिच्या दहा प्रती करून दहा जणांकडे ठेवता येत. एप्रिल २०१० मध्ये विक्रीस आलेल्या आयपॅडने हे कपाटच दृष्टीआड केले. तेथे प्रत्येक अ‍ॅपला स्वतंत्र खोली, आणि आपले कागद त्या त्या खोलीत बंद. आपण दारावर बोट टेकवायचे आणि आतला जे दाखवील ते पाहायचे. 'माझी फाइल कोठे आहे?' हा प्रश्न वापरणाऱ्याला पडूच नये, अशी ती रचना होती. सात वर्षांनी, २०१७ मध्ये, त्यात 'फाइल्स' नावाचे अ‍ॅप आले आणि २०१९ पासून त्याला पेनड्राइव्ह जोडता येऊ लागला. कपाटाचे दार थोडे किलकिले झाले, इतकेच.

अँड्रॉइडचा प्रवास उलट दिशेने झाला. तेथे कपाट आरंभापासून बरेचसे उघडे होते. परंतु २०२० च्या अँड्रॉइड ११ पासून अ‍ॅपे आपली सामग्री ज्या खास कप्प्यात ठेवतात, त्यात बाहेरून आणलेल्या फाइल मॅनेजरला शिरण्यास मज्जाव झाला. एकाने दार थोडे उघडले, दुसऱ्याने थोडे लावले. दोघांच्याही बाबतीत दार किती उघडावे हे घराच्या धन्याने ठरवले नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे.

आता हा प्रश्न आमच्या सोलापुरात आणून पाहू. बाबासाहेबांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी पहिले वसतिगृह काढले ते याच सोलापुरात. त्यावेळी साधन म्हणजे पाटी, पुस्तक, कंदील आणि डोक्यावर छप्पर. आज शंभर वर्षांनी साधन बदलले आहे. याच जिल्ह्यातील माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाले. पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड छापून मुलांना ध्वनी, चित्रफिती आणि धडे मिळवून देण्याचे त्यांचे काम जगाने पाहिले. नागपूरची महात्मा ज्योतिबा फुले संशोधन व प्रशिक्षण संस्था, म्हणजे 'महाज्योती', इतर मागास व भटक्या-विमुक्त विद्यार्थ्यांना प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी टॅब्लेट देते. या प्रयत्नांची थट्टा करण्याचे पाप मी करणार नाही. ज्या घरात अभ्यासाला टेबल नाही, त्या घरात टॅब्लेट येणे ही मोठी गोष्ट आहे. परंतु साधन आले म्हणजे त्यावरील सत्ताही आली, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल.

क्यूआर कोड आणि फाइल यांतील फरकच पाहा. कोड म्हणजे दूरच्या कोठल्या तरी साठ्याकडे दाखवणारे बोट. तो साठा हलला, बंद पडला किंवा वस्तीत इंटरनेट नसले, की पुस्तकावर एक काळा चौकोन उरतो. उलट बालभारतीच्या संकेतस्थळावरून पाठ्यपुस्तकाची पीडीएफ मोफत उतरवून घेता येते. ती एकदा आपल्या यंत्रात आली की इंटरनेट नसताना वाचता येते, भावाला देता येते, पुढच्या वर्षी गल्लीतल्या दुसऱ्या मुलीला देता येते. दोन्हींचा उपयोग आहे. परंतु पहिल्यात मूल पाहुणा आहे आणि दुसऱ्यात धनी. गरिबाच्या घरातले पुस्तक नेहमी हातोहात फिरत आले. आमच्यापैकी कित्येकांनी वरच्या वर्गातल्या मुलाची जुनी पुस्तके निम्म्या किमतीत घेऊनच शिक्षण केले. जी वस्तू पुढे देता येत नाही ती आमच्या अर्थव्यवस्थेत बसत नाही.

मी ज्या वर्गांना शिकवतो त्यांत विडी वळणाऱ्या बायांची, यंत्रमाग कामगारांची, ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुले-मुली आहेत. त्यांपैकी बहुतेकांनी संगणक पाहण्याआधी मोबाइल किंवा टॅब्लेट पाहिला. प्रकल्पाची फाइल दे म्हटले की उत्तर येते, "सर, ती व्हॉट्सअ‍ॅपमध्ये आहे." व्हॉट्सअ‍ॅपमध्ये म्हणजे कोठे? ते सांगता येत नाही. फाइलचे नाव 'डॉक' या अक्षरांनी सुरू होणारे, पुढे तारीख आणि आकडे. तिला 'माझा प्रकल्प' असे स्वतःचे नाव द्यावे, तिच्यासाठी फोल्डर करावा, हे त्या मुलीला कोणी सांगितलेले नसते आणि यंत्र ते सुचवीतही नाही. ही तिच्या बुद्धीची उणीव नव्हे. कपाट दाखवायचेच नाही असे ठरवून जे यंत्र बनवले, त्याने घडवलेले हे अज्ञान आहे. आणि त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. शहरातल्या सुखवस्तू घरात टॅब्लेटशेजारी लॅपटॉप असतो. तेथले मूल टॅब्लेटवर खेळते आणि लॅपटॉपवर कपाट लावायला शिकते. आमच्या मुलीकडे टॅब्लेट हेच सर्वस्व असते.

एका विद्यार्थ्याने आपल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या टॅब्लेटवर मुद्रित केल्या होत्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या पुष्कळ होत्या. अ‍ॅप फुकट होते. काही महिन्यांनी त्या अ‍ॅपने पैसे मागायला सुरुवात केली; ओव्या ऐकू येत, पण बाहेर काढता येईनात. टॅब्लेट परत करण्याची वेळ आली तेव्हा तो पुसून दिला गेला. मधल्या काळात आजी वारली होती. त्या मुलाच्या हाती जे उरले ते वहीत उतरवलेल्या अकरा ओव्या. ज्या अ‍ॅपमुळे हे झाले त्याचे नाव येथे महत्त्वाचे नाही. तशी शेकडो आहेत. महत्त्वाचे हे, की आवाज त्याच्या आजीचा, यंत्र त्याच्या हातात, बोट त्याचे. तरीही दप्तर दुसऱ्याच्या घरी होते.

याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवावे. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून उभ्या केलेल्या प्रकल्पात महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. बाबासाहेबांवरच्या ओव्याही त्यांत आहेत. ते दोघेही आज नाहीत. परंतु ओव्या आहेत, आणि २०१७ पासून 'पारी' या संस्थेच्या संकेतस्थळावर त्या क्रमाने प्रसिद्ध होत आहेत. त्या टिकल्या, कारण त्या कागदावर आणि ध्वनिफितीवर होत्या, त्यांची यादी होती, आणि एका हातातून दुसऱ्या हातात सोपवता येईल अशा स्वरूपात होत्या. संग्रह करणारा जातो, यंत्र मोडते, प्रोग्राम कालबाह्य होतो. ज्याची प्रत काढता येते तेच मागे राहते.

कागदाचे मोल आपल्या समाजाला कोणी शिकवावे लागत नाही. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. पुस्तकांचे कपाट आमच्याकडे नव्हते, पण पत्र्याची पेटी होती, आणि तीत वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, कोतवाल बुकातील जन्मनोंदीची नक्कल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेली होती. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या दाखल्याची पडताळणी करायची तर १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा व जातीचा पुरावा महत्त्वाचा ठरतो. ज्या आजोबांना सही करता येत नव्हती, त्यांच्या नावाचा कागद नातवाला शोधावा लागतो. असा कागद ज्याच्या पेटीत आहे तो कचेरीत उभा राहून बोलतो; ज्याच्या पेटीत नाही तो हेलपाटे घालतो. नव्या पिढीचे दाखले, गुणपत्रके, पावत्या आता टॅब्लेट-मोबाइलमध्ये आहेत. ही नवी पत्र्याची पेटी आहे. फरक एवढाच, की तिच्या मालकाने ती उघडायला परवानगी मागायची आहे.

आपल्या वाङ्मयाचा इतिहासही हेच सांगतो. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण १९५६ साली झाले. त्यांची अप्रकाशित हस्तलिखिते त्यानंतर दीर्घकाळ कायदेशीर ताब्यातल्या पेट्यांत पडून होती. महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली पहिला खंड काढला तो १९७९ साली. मधल्या दोन तपांत एक अख्खी पिढी त्या लेखनाशिवाय वाढली, चळवळीत आली आणि फुटलीही. लेखक आमचा, विचार आमच्यासाठी. आणि पेटीची किल्ली अन्यत्र. डिसेंबर २०२१ मध्ये या खंडांचे प्रकाशन रखडल्याची दखल मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली. आजचा तरुण कवी आपली कविता टॅब्लेटमधल्या कोणत्या तरी अ‍ॅपात लिहितो आणि तिची दुसरी प्रत कोठेही नसते. उद्या त्याचे खाते बंद झाले तर त्याच्यासाठी कोणते न्यायालय दखल घेणार आहे?

येथे विरुद्ध बाजूचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडले पाहिजे, कारण ते पोकळ नाही. पहिले म्हणणे असे, की कपाट उघडे ठेवले तर चोर शिरतो. पूर्वी अँड्रॉइडवर एखादे फालतू खेळाचे अ‍ॅप परवानगी मिळवून साऱ्या सामाईक साठ्यात, फोटोंत आणि कागदांत डोकावू शकत असे. ही वाट अरुंद केली हे योग्यच झाले. दुसरे म्हणणे असे, की नवख्या माणसाला फोल्डरच्या जंजाळात टाकू नये. आजीला नातवाचा फोटो पाहायचा आहे, साठवणुकीचे शास्त्र शिकायचे नाही. हेही खरे. माझ्या आईने टॅब्लेट हाताळला तो या सोपेपणामुळेच.

परंतु या दोन्ही युक्तिवादांत एक गफलत आहे. अ‍ॅपने दुसऱ्याच्या खोलीत शिरू नये, हा एक प्रश्न. घराच्या धन्याने आपल्या खोल्यांत शिरावे की नाही, हा अगदी वेगळा प्रश्न. चोराच्या भीतीने कुलूप लावावे. पण किल्ली धन्याच्या कमरेला असावी. चोरापासून रक्षण करतो म्हणून किल्ली आपल्याजवळ ठेवणारा रखवालदार हळूहळू मालक होतो, हा अनुभव आपल्याला नवा नाही. तसेच सोपेपणाचे. आजीसाठी पुढचे दार सोपे असावे, याला कोणाची हरकत आहे? परंतु पुढचे दार सोपे केले म्हणून मागचे दार भिंत बांधून बंद करण्याचे कारण काय? 'तुम्हाला समजणार नाही, तुम्ही त्यात हात घालू नका, तुमच्या वतीने आम्ही सांभाळतो', हे वाक्य आपण शतकानुशतके ऐकत आलो. टॅब्लेट कोणाची जात विचारीत नाही, हे मला मान्य आहे. अस्पृश्यतेच्या यातनांशी या गैरसोयीची तुलना करणे त्या यातनांचा अपमान ठरेल. परंतु ज्ञानाचा कारभार एकाकडे आणि उपभोगाची परवानगी दुसऱ्याकडे ही विभागणी आम्हाला इतर कोणाहीपेक्षा लवकर ओळखता आली पाहिजे.

ताबा दुसऱ्याकडे असला की काय घडते याची उदाहरणे जगात आहेत. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने किंडल वापरणाऱ्यांच्या यंत्रांतून जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' आणि 'अ‍ॅनिमल फार्म' ही विकत दिलेली पुस्तके दुरूनच पुसून टाकली. विक्रेत्याकडे हक्क नव्हते, हे कारण. पैसे परत मिळाले. परंतु एका शाळकरी मुलाने त्या पुस्तकावर केलेल्या अभ्यासाच्या नोंदी निरुपयोगी झाल्या. त्यांचे पैसे कोण मोजणार? २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा विकलेली पुस्तकेही उघडेनाशी झाली. लॉस एंजेलिसच्या शाळाखात्याने २०१३ मध्ये विद्यार्थ्यांना आयपॅड वाटले. रूझवेल्ट हायस्कूल या, मुख्यतः लॅटिनो कष्टकऱ्यांच्या वस्तीतल्या शाळेतील सुमारे तीनशे मुलांनी थोड्याच दिवसांत त्यावरचे निर्बंध काढून टाकले. ती मुले ग्रंथालयात गेली नाहीत, फेसबुककडे आणि गाण्यांकडे गेली, हेही सांगितले पाहिजे. परंतु खात्याचे उत्तर काय? आयपॅड घरी नेण्यास बंदी. दिलेले साधन ज्याचे त्याचे नसते, याचा हा रोकडा पुरावा.

कायद्याकडे पाहावे तर तेथेही निराशाच पदरी येते. युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या नियमावलीत आपली माहिती वापरता येण्याजोग्या स्वरूपात मागून घेण्याचा आणि दुसरीकडे नेण्याचा हक्क आहे. आपल्याकडे २०१९ च्या विधेयकात असा हक्क लिहिलेला होता. २०२३ साली जो डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा मंजूर झाला, त्यात तो राहिला नाही. माहितीचा गोषवारा मागा, चूक दुरुस्त करून घ्या, पुसून टाकायला सांगा; एवढे मिळाले. आपले दप्तर उचलून आपल्या घरी नेण्याचे कलम तेवढे गळले. या गळतीविरुद्ध आपल्या संघटनांनी एक साधे निवेदनही दिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. आरक्षण, शिष्यवृत्ती, अत्याचार यांच्या लढ्यांपुढे हा विषय दुय्यम वाटणे स्वाभाविक आहे. परंतु शिष्यवृत्तीचा अर्ज आणि अत्याचाराचा पुरावा, दोन्ही आज फाइलच्याच रूपात असतात. मोर्चावर लाठी चालली त्याची चित्रफीत एखाद्या अ‍ॅपच्या खोलीत अडकली, तर खटला कशावर उभा राहणार?

म्हणून माझे म्हणणे असे. अ‍ॅपांमधल्या भिंती राहू द्याव्यात, परंतु आपल्या यंत्रातील आपण निर्माण केलेली प्रत्येक गोष्ट आपल्याला थेट दिसली पाहिजे, तिला आपण ठेवलेले नाव असले पाहिजे, आणि कोणालाही न विचारता तिची प्रत बाहेर काढता आली पाहिजे. शासन किंवा संस्था विद्यार्थ्यांसाठी टॅब्लेट खरेदी करते तेव्हा निविदेत पडद्याची लांबी आणि बॅटरीची क्षमता लिहिलेली असते. त्यातच ही अट लिहायला लावणे आपल्या विद्यार्थी संघटनांच्या आवाक्यातले आहे. मुदत संपली म्हणून टॅब्लेट परत घ्यायचा असेल, तर आधी विद्यार्थ्याला त्याच्या फाइली पेनड्राइव्हवर उतरवून देण्याची जबाबदारी देणाऱ्यावर असली पाहिजे. महाविद्यालयातील आम्ही शिक्षकांनी पहिल्या वर्षाच्या मुलांना एक तास देऊन फोल्डर करणे, नाव देणे, प्रत काढणे शिकवले पाहिजे; यासाठी अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहावी लागत नाही. आणि वस्त्यावस्त्यांतून ओव्या, भीमगीते, मुलाखती गोळा करणाऱ्या कार्यकर्त्यांनी त्या सर्वसाधारण स्वरूपाच्या फाइलींत ठेवून निदान तीन ठिकाणी जपल्या पाहिजेत.

यांपैकी कशालाही मोठा निधी लागत नाही. लागते ती आपल्या वस्तूवर आपला हक्क सांगण्याची सवय. आमच्या वाडवडिलांना दप्तर वाचता येत नव्हते म्हणून ते दुसऱ्याच्या घरी राहिले. आम्हाला वाचता येते, लिहिता येते, आणि जे लिहिले आहे तेही आमचेच आहे. आता ते दुसऱ्याच्या घरी राहू द्यायला आमच्याकडे सबब उरलेली नाही.